विसावी चिमणी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वीस झाल्या. आज मुकुंदवाडीत माझ्याएवढा सुखी माणूस दुसरा नसंल.

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा रोज रात्री हिशेब लिहायचा. रिटायर झालो, तरी झोपायच्या आधी हाताला काहीतरी लिहायला लागतंच. म्हणून ही डायरी. आशा म्हणते, "काय लिहिता एवढं? घरात घडतंय तरी काय?" बाईमाणसाला काय सांगायचं!

जन्मभर सुट्ट्या पैशावरनं लोकांशी भांडलो आणि म्हातारपणी सुट्ट्या पैशाच्याच नादी लागलो. तेही इंग्रजांच्या. फार्दिंग म्हणजे त्यांच्या पेनीचा चौथा हिस्सा, त्यांच्या मुलखातला अगदी बारका तांब्याचा पैसा. १९३७ पासून त्याच्या एका अंगाला इवलासा पक्षी आहे, शेपटी वर करून बसलेला. त्याचं इंग्रजी नाव वेगळंय, मी चिमणीच म्हणतो. १९५६ ला हे नाणं पाडायचं बंद झालं. म्हणजे वर्षाला एक अशा वीस चिमण्या. एकोणीस जमवायला मला अकरा वर्षं लागली. विसावी, १९५६ ची, कडूबाकडनं मिळाली.

कडूबा आपला जुना दोस्त. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकतो आणि गावोगावची जुनी नाणी गोळा करतो. एका गोऱ्या म्हाताऱ्यानं पेरू खाऊन खूश होऊन त्याच्या हातावर ती चिमणी ठेवली होती. मी चारमिनारची, निजामाची चांदीची पावली देऊन ती बदलून घेतली. गडी तयार झाला खरा, पण मन काही सुटलं नाही त्याचं. मी घरी पोचतो तोच फोन करून विचारलं, "माझी चिमणी बरी हाय का रं, कंडक्टर?" माझी म्हणे!

सव्वीस तारखेला आमच्या नाणेप्रेमी मंडळाचं प्रदर्शन आहे, गुलमंडीजवळच्या हॉलमध्ये. अध्यक्ष नानासाहेबांनी मला मधलं टेबल दिलंय. अख्ख्या जिल्ह्यात पूर्ण वीस कुणाकडं नाहीत.

संध्याकाळी श्रेयाला मांडीवर घेऊन विसावी दाखवली. दीड वर्षाची नात माझी, लई गोड. नाणं बघितलं की बोट नाचवत "चिऊ, चिऊ" करते. आशा लगेच ओरडली, "अहो, तिच्या तोंडापाशी नका नेऊ, सगळं तोंडात घालती ती." मी काय येडा आहे? नाणं प्लास्टिकच्या होल्डरमध्ये असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ खाऊन दाढ दुखायला लागली. श्रेयालाही दाढा येतायत वाटतं, सारखी बोटं चावते.

येत्या रविवारी तिचं बोरन्हाण करायचं ठरलं. गल्लीतली पोरं, त्यांच्या आया, सगळा गोंधळ. त्याच दिवशी मी कडूबाला बोलावून बसलोय. नाणी नव्या काचेच्या चौकटीत बसवायची आहेत आणि त्याच्यासारखी नजर कुणाची नाही. आशाला म्हणलं, दुसरा दिवस बघा. ती म्हणाली, "तुमचा कडूबा दुसऱ्या दिवशी बोलवा." कुणीच मागं हटलं नाही. होऊ द्या दोन्ही.

१९ जानेवारी, रविवार

डोकं उठलंय नुसतं.

सकाळी अकराला कडूबा आला, पिशवीभर बोरं आणि पेरू घेऊन. आम्ही आतल्या खोलीत बसलो. चौकटीत बसवायची म्हणून वीसच्या वीस नाणी होल्डरमधनं काढली. कडूबानं विसावी उचलली आणि खिडकीपाशी नेऊन भिंगातनं बघत बसला. किती वेळ! शेवटी म्हणाला, "उगाच दिली रं तुला. परत घिऊन जाऊ का?" हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मी त्याच्या हातनं काढून घेतली.

तेवढ्यात बाहेर सुरू झालं. श्रेयाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली. छान दिसत होती, नाही म्हणत नाही. मोनिका, म्हणजे सूनबाई, दारातनं म्हणाली, "मामा, चिरमुऱ्यात टाकायला सुट्टे द्या ना, बायका खोळंबल्यात." तिच्या माहेरी बोरन्हाणात पैसेही ओततात, पोरांना वेचायला. हातात होतं ते तसंच सदऱ्याच्या खिशात सारलं आणि उठलो. खिशातनंच मूठभर सुट्टे काढून आशाच्या हातातल्या परातीत टाकले. बघायची गरज पडत नाही मला. उभा जन्म बॅगेत हात घालून अंधारात सुट्टे मोजलेत, माझ्या बोटांना डोळे आहेत.

मग ओतलं सगळं पोरीच्या डोक्यावरनं. बोरं, चिरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, रेवड्या, पैसे. पोरं तुटून पडली. श्रेया मधोमध बसून दोन्ही हातांनी गोळा करत होती. आणि एकदम ठसका लागला तिला. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. घाटा अडकला असंल. आशानं पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पाजलं. रडली, मग शांत झाली. मोनिका लई घाबरली होती. मी म्हणलं, "काही नाही, पोरांना लागतो ठसका."

या गोंधळात कडूबा निघूनच गेला. चहाही घेतला नाही. "गर्दीत कशाला" म्हणाला आणि चपला घातल्या.

चौकट उद्या लावतो.

२० जानेवारी, सोमवार

एकोणीस.

चार वेळा मोजल्या. एकोणीसच. १९५६ नाही.

टेबल सरकवलं, गादी झटकली, केरसुणीनं कोपरा न् कोपरा काढला. सदऱ्याचा खिसा बघितला तर त्यात नुसतं भिंग. आशाला विचारलं, तिनं कालचा सगळा केर सोसायटीच्या गाडीत टाकलेला. पण केरात कशी जाईल? नाणी आतल्या खोलीत होती. आतल्या खोलीत मी होतो आणि कडूबा होता.

नाव घ्यायला जीभ रेटत नाही. तीस वर्षांची दोस्ती आहे.

पण तो चहा न घेता का गेला?

२१ जानेवारी, मंगळवार

फोन केला. म्हणलं, "कडूबा, चिमणी सापडंना." तिकडनं हसला. "उडून गेली असंल, कंडक्टर. थंडीत कुठं वळचणीला बसली असंल बघ."

हसला! माझ्या जिवाची काहिली होतेय आणि हा हसतोय. निर्दोष माणूस असा हसतो का?

जेवताना मोनिका म्हणाली, श्रेया कालपासनं घास गिळत नाही. वरणभात तोंडात घेते आणि काढून टाकते. दूध तेवढं पिते, तेही थोडं थोडं. आशानं मीठमोहऱ्यानं दृष्ट काढली. बोरन्हाणात शंभर बायकांची नजर लागली म्हणे. मला काय त्याचं! इथं माझ्या चौकटीला भोक पडलंय आणि यांना वरणभाताचं पडलंय.

२२ जानेवारी, बुधवार

राहवलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. नाव घेतलं नाही हां. एवढंच लिहिलं, "रविवारी माझ्या घरातून १९५६ ची फार्दिंग गेली. त्या वेळी घरात नाण्यातलं कळणारा एकच पाहुणा होता. त्याला मुदत देतो, सव्वीसच्या आत आणून द्यावी."

नानासाहेबांचा लगेच फोन आला, "कोण हो?" मी म्हणलं, ओळखा. त्यांनी ओळखलं. सगळ्यांनी ओळखलं असणार. तासाभरात ग्रुपवर ओळ उमटली, कडूबा ग्रुप सोडून गेला.

आता कळलं ना कोण ते? चोराला गर्दी नको असते.

तरी जेवण गेलं नाही.

श्रेयाच्या तोंडातनं लाळ गळतेय सारखी. गळ्याशी फडकं बांधलंय. दाढाच त्या.

२३ जानेवारी, गुरुवार

दौलताबादला गेलो. 

कडूबा गाडीवर पेरूला मीठमसाला लावत होता. समोर सहलीची पोरं. मी म्हणलं, "दे." तो म्हणाला, "काय देऊ? पेरू?" मी म्हणलं, "नाटकं करू नको." आवाज चढला असंल माझा, पोरं गप झाली. त्याची बायको केसरबाई मागं बसली होती, ती उठून उभी राहिली.

कडूबानं सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, सदऱ्याचे, पायजम्याचे. गल्ल्याचा डबा माझ्यापुढं उपडा केला. "घे. धुंड. घरबी इथंच हाय, चल. केसर, पेटी उघड गं, कंडक्टरसायबाला झडती घ्यायचीय."

केसरबाई म्हणाली, "भावजी, तुमी जेवलाय आमच्या घरात."

मी म्हणलं, "मग कुठं गेली? त्या खोलीत तू आणि मी."

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "सोमनाथ, मला ती पायजेल असती तर मी तुला दिलीच नसती. जा तू आता. माझ्या तोंडातनं वंगाळ काय निघायच्या आत जा. तुझ्या घरात लेकरू हाय."

कंडक्टर म्हणाला नाही. सोमनाथ म्हणाला. आणि लेकराचं का काढलं मधे? शाप द्यायचा होता का त्याला? येताना बसमध्ये तेच घोळत होतं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, काका, कुठं उतरायचं?

२४ जानेवारी, शुक्रवार

श्रेया पाचव्या दिवशीही दूधपाण्यावरच. मोनिकानं गल्लीतल्या डॉक्टरला दाखवलं. घसा सुजलाय म्हणाला, लाल औषध दिलं. औषध पाजलं की निम्मं बाहेर येतं.

दुपारी माझ्याकडं दिली तिला. अंग हलकं लागलं हाताला. रडण्याचा आवाज बसलाय, कोंबडीच्या पिलागत. तिला रमवायला एकोणिसावी चिमणी दाखवली, होल्डरमध्ये घालून. म्हणलं, "श्रेयाबाई, दुसरी चिऊ कुठाय? कुठं गेली आपली चिऊ?"

तिनं आ केला. हे एवढं मोठं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी आशाला हाक मारली, "अगं, पोरीला भूक लागली बघ! चिऊचा घास मागतीय!" आशा पळत वरणभात घेऊन आली. हा घास चिऊचा, हा काऊचा. पहिल्याच घासाला पोर ओकाऱ्या काढायला लागली, सगळं उलटलं. आशा रडली. मी चिडलो तिच्यावर, की घास मोठा केलास.

परवा प्रदर्शन. चौकटीत विसावी जागा तशीच ठेवणार. खाली चिठ्ठी लावू का, "चोरीस गेली"? नानासाहेब म्हणतात लावा.

२५ जानेवारी, शनिवार

घरात मोठं भांडण झालं. सूनबाई कधी वर मान करून बोलली नव्हती, आज बोलली.

आमचा पोरगा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. मोनिका म्हणाली, "मामा, माझ्यासंगं चला. हिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ, फोटो काढू छातीचा. हे साधं नाही." मी चौकट बांधत होतो. तीनपर्यंत हॉलवर पोचवायची होती. म्हणलं, "डॉक्टरनं औषध दिलंय ना? दाढा येतायत. सुदर्शनही असाच करायचा."

ती म्हणाली, "सहा दिवस झाले मामा, तिच्या पोटात दाणा नाही. तुम्ही सहा दिवस एक नाणं हुडकताय. तिच्याकडं बघितलं का एकदा नीट?"

मी म्हणलं, "तोंड सांभाळून बोल."

 पोरीला खांद्यावर टाकून आत गेली. श्रेया तिच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघत होती. डोळे खोल गेलेत. हनुवटीवरनं लाळ मोनिकाच्या पाठीवर गळत होती.

चौकट पोचवली. मधलं टेबल, वर दिवा. एकोणीस चिमण्या आणि एक गोल खड्डा. चिठ्ठी लावली.

झोप येत नाही. मोनिका बोलली त्याचा राग येतोय असं वाटलं होतं, पण राग नाही हा.

२६ जानेवारी, रविवार. घाटी, वऱ्हांडा.

पेन एका सिस्टरकडनं मागून घेतलंय, पाठीमागं गोळ्यांची जाहिरात असलेला कागद आहे. नंतर डायरीत चिकटवीन. बसून राहिलो तर येड लागंल.

झेंडावंदनानंतर हॉल उघडला. लोक येत होते. मी कोट घालून उभा. शाळेच्या गणवेशातली एक पोरगी चौकटीपाशी थांबली, खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, ही चिऊ कुठं गेली?"

मी "चोरीस गेली" म्हणायला तोंड उघडलं. मला परवाची श्रेया दिसली. मी विचारलं, चिऊ कुठाय, आणि तिनं आ केला. मी विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं.

 खुर्ची धरली. आणि तेवढ्यात फोन. आशा. "अहो, पोरगी धापा टाकतीय. मोनिकानं रिक्षात घातलं, आम्ही घाटीत चाललोय. सुदर्शनला कळवलंय."

मी म्हणलं, "आशा, तिनं नाणं गिळलंय." ती म्हणाली, "काय?" मी म्हणलं, "डॉक्टरला सांग नाणं आहे घशात, नाणं सांग, नाणं!" अख्खा हॉल माझ्याकडं बघत होता. नानासाहेब म्हणाले, "शेजूळसाहेब, चौकट?" मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

रिक्षावाल्याला म्हणलं, बाबा, उडव. सव्वीस जानेवारी म्हणून रस्त्यात मोटरसायकलींच्या फेऱ्या, झेंडे. औरंगपुऱ्यात अडकलो. मी खाली उतरून लोकांना बाजूला करायला लागलो, "पुढं सरका, पुढं सरका", जन्मभर बसमध्ये ओरडलो तसा.

पोचलो तेव्हा फोटो निघाला होता. डॉक्टरीण बाई तरुण आहे, मेघा नाव पाटीवर. तिनं फिल्म दिव्यापुढं धरली. श्रेयाच्या इवल्या बरगड्या, मान. आणि मानेच्या खाली एक गोल, पांढराशुभ्र. चंद्र उगवल्यासारखा. मला त्यावरची चिमणी दिसली. फोटोत दिसत नसते ती, डॉक्टरीण म्हणाली. मला दिसली.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

मोनिका म्हणाली, "रविवारपासनं. बोरन्हाण होतं." मग ती भिंतीला टेकून खाली बसली. "माझंच लक्ष नव्हतं. मी बायकांना हळदीकुंकू लावत होते. माझ्यामुळं झालं."

डॉक्टरीण म्हणाली, "तिच्या हाताला नाणं लागलं कुठून?"

आशा माझ्याकडं बघत होती. सगळं आठवत होतं तिला, दिसत होतं मला. परात तिच्याच हातात होती.

कडूबाच्या हातनं मी काढून घेतली. खिशात सारली. त्याच खिशातनं मूठ भरली. आणि नवा रुपया आणि ही चिमणी मापाला इतकी सारखी की बोटांना कळलं नाही. माझ्या बोटांना डोळे होते ना!

मी म्हणलं, "मी दिलं. मोनिका, ऊठ बाई. मी दिलं ते. तुझा काही दोष नाही."

ती उठली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

सुदर्शननं सही केली. भूल द्यावी लागणार. डॉक्टरीण म्हणाली, इतके दिवस एका जागी रुतून बसलंय, आत जखम किती ते नळी घातल्यावरच कळंल. आत नेताना श्रेया रडत होती, पण आवाज येत नव्हता. नुसतं तोंड उघडं.

दार बंद आहे. वर लाल दिवा आहे. देवा, मला कशाची गरज नाही. वीसच्या वीस घेऊन जा.

२७ जानेवारी, सोमवार

निघालं. पोर आहे.

काल दिवा विझला, मेघा डॉक्टरीण बाहेर आली, तोंडावरची पट्टी खाली केली आणि हसली.  आत सूज आहे, थोडी जखम आहे, पण आरपार नाही. आज दुपारी चमच्यानं पाणी दिलं. गिळलं. मग दूध. गिळलं. आम्ही चौघं एका दीड वर्षाच्या पोरीचा गळा हलताना बघत होतो, दुसरं काही नाही.

नाणं त्यांनी एका प्लास्टिकच्या डबीत घालून दिलं. काळं पडलंय. पण वरचं साल वाचता येतंय. सुदर्शन म्हणाला, "बाबा, हे फेकून देऊ का?" मी म्हणलं, नको, हे दुसऱ्या माणसाचं आहे.

मोनिका अजून बोलत नाही माझ्याशी. पाण्याची बाटली मात्र न मागता माझ्यापुढं ठेवली.

२९ जानेवारी, बुधवार

श्रेया घरी आली. अजून दोन दिवस पातळच द्यायचं.

सकाळी दौलताबादला गेलो. गाडीपाशी उभा राहिलो. कडूबानं वर बघितलं आणि परत पेरू चिरायला लागला. गिऱ्हाईक गेलं तरी चिरतच होता. मी डबी गाडीवर ठेवली. सांगितलं सगळं, खिसा, परात, बोरन्हाण, फोटो.  केसरबाईनं तोंडाला पदर लावला.

कडूबा म्हणाला, "गिळतंय का आता लेकरू?"

मी म्हणलं, गिळतंय.

"मग झालं." त्यानं सुरी पुसून ठेवली. मग म्हणाला, "माझ्या गाडीवर येऊन बोलला ते मी गिळून टाकीन, कंडक्टर. पण लई लोकांनी वाचलंय ते. माझी पोरगी सासरी हाय, तिच्या नवऱ्यानंबी वाचलं. माफी इथं मागू नको. जिथं लिहिलं तिथं लिव्ह."

मी तिथंच, गाडीला टेकून, मोबाईल काढला. लिहिलं, "१९५६ ची फार्दिंग मीच माझ्या हातानं हरवली. कडूबा औटे यांच्यावर मी खोटा आळ घेतला. मी चुकलो. माझ्या या चुकीपायी नातीचा जीव जात होता." 'पाठवा'वर बोट दोनदा चुकलं. गेलं एकदाचं. त्याला दाखवलं. त्यानं सावकाश वाचलं, चष्मा नाही म्हणून लांब धरून.

मग मी डबी त्याच्याकडं सरकवली. म्हणलं, "ही तुझी. पावली परत नको मला."

"माझी कशी? बदली झाली ती झाली." पण त्यानं डबी उचलली. उघडून बघितली, अंगठ्यानं हळूच पुसली, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वर बटण लावलं. "तुझ्या घरात लेकरू हाय. मोठी होईस्तोवर माझ्याकडं राहू दे. बाकीच्या एकोणीसबी आणून टाक इथं. मी कुठं पळून चाललो?"

ज्या माणसाचे खिसे मी भर रस्त्यात उलटे करायला लावले, त्याच्याच खिशात माझी चिमणी ठेवून आलो. घरी येईपर्यंत एकसारखं रडू येत होतं. बसमध्ये लोक बघत होते, बघू द्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रथसप्तमी. घरातली सगळी नाणी कडूबाकडं पोचवली. टेबलावर आता श्रेयाच्या औषधाच्या बाटल्या.

डॉक्टरनं आता मऊ भात द्यायला सांगितलाय. आज मोनिकानं ताट आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "मामा, तुम्ही भरवा." दहा दिवसांत पहिल्यांदा मामा म्हणाली.

मी म्हणलं, "मी नको. तू भरव." खरंच भीती वाटत होती.

"भरवा," ती म्हणाली आणि समोर बसली.

भात बोटांनी कुस्करला, परत कुस्करला. एक कण टणक राहू नये म्हणून चिमटीत घेऊन बघितला, डोळ्यांनी. श्रेया मांडीवर बसली. टेबलाकडं बघून तिनं दोन्ही हात हवेत उघडले, नाही म्हणायला करते तसे, आणि म्हणाली, "चिऊ?"

 मोनिका बघत होती, आशा दारात उभी होती.

मी विचारलं, "चिऊ कुठाय, श्रेयाबाई?"

तिनं आ केला. हे एवढं मोठं तोंड.

या वेळी मी आत बघितलं. मोबाईलची बॅटरी लावून, नीट, मागच्या दाढेपर्यंत. चार दाढा येतायत, खरंच. बाकी काही नव्हतं. मग छोटासा घास ठेवला, आणि ती गिळेपर्यंत श्वास धरून बसलो.